चौथा विषय

दहावीचा निकाल लागला की आमच्या तेर गावात टक्केवारीची चर्चा दोन दिवसांत शिळी होते. मग महिनाभर एकच प्रश्न ऐकू येतो : "तीन घेतले का चार?" चार म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी, लोकांच्या तोंडी पीसीएमबी. तीन म्हणजे त्यातून गणित वगळायचं किंवा जीवशास्त्र. गंमत अशी, की बारावीला विषय ना तीन असतात ना चार. ते सहा असतात, शंभर-शंभर गुणांचे, आणि निकाल सहाशेपैकी लागतो. पर्यावरण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांच्या श्रेणी वेगळ्या. इंग्रजी सक्तीची, तिच्या जोडीला दुसरी भाषा किंवा त्या भाषेऐवजी आयटी, आणि चार वैकल्पिक विषय. म्हणजे गणित सोडलं तरी ती जागा रिकामी राहत नाही. तिथे भूगोल येतो, नाहीतर कॉलेजात ज्या विषयाचे सर असतील तो विषय येतो. पेपर तेवढेच. तरी मोजताना इंग्रजी कुणी धरत नाही, मराठी धरत नाही, भूगोलाचं तर नावच नको. ज्यातून डॉक्टर किंवा इंजिनिअर होता येतं तेवढेच आमच्याकडे विषय, बाकीचे सोबतीला.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर एकाच संकेतस्थळावरून होऊ लागला. आधी ही भानगड मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरती होती. आमच्याकडे दाखला घेऊन कॉलेजात गेलं की काम व्हायचं. आता मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात बाकडं टाकून मायबाप बसलेले असतात आणि पोरं पसंतीक्रम भरत असतात. कमीत कमी एक कॉलेज, जास्तीत जास्त दहा. विषय तिथे भरायचे नसतात, ते नंतर कॉलेजात. पण चर्चा तिथेच होते, कारण सगळे तिथेच भेटतात. पुतणीला घेऊन मीही जाऊन बसलो होतो.

"चारी घे पोरी," शेजारच्या बाकड्यावरचे आबा म्हणाले. "दोन्ही दारं उघडी राहतेत. हे नाही लागलं तर ते लागतंय."

"पण आबा, अभ्यास किती होईल?"

"अभ्यासाला काय होतंय? दोन वर्षं तर हायेत."

आबांची स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. पण त्यांचा सल्ला गावच्या सरासरी शहाणपणाशी तंतोतंत जुळणारा होता, आणि त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. ज्या भागात सोयाबीनचा भाव आणि पाऊस यांपैकी कशाचीच खात्री देता येत नाही, तिथला माणूस मुलांच्या विषयांचाही पीकविमा उतरवणारच. चौथा विषय हा तो विमा. फरक इतकाच की याचा हप्ता बाप भरत नाही, पोरगी भरते, आणि तो पैशांत नसतो.

हा हप्ता किती मोठा आहे, ते आमच्याकडे मोकळेपणाने बोललं जात नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा गावातल्या मराठी शाळेतून दहावी झालेलं पोर अकरावी सायन्सला बसतं, तेव्हा त्याचे विषय बदलतात त्याहून जास्त भाषा बदलते. ज्यानं सेमी घेतलेलं असतं त्याला गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द तरी ओळखीचे असतात. बाकीच्यांना 'प्रकाश-संश्लेषण' माहीत असतं आणि समोर फोटोसिंथेसिस येतं. संकल्पना तीच असते, पण पानभर वाक्य वाचून होईस्तोवर ती कळलेली संकल्पनाही हातातून सुटते. पहिले चार-पाच महिने पोरं विज्ञान शिकत नसतात, विज्ञानाचं इंग्रजी शिकत असतात. त्यात विषय तीन असले तर दिवाळीपर्यंत पाय टेकतात. चार असले तर एकाचा पाय टेकतो तोवर दुसरा वाहून गेलेला असतो. इंग्रजी कुणी मोजत नाही असं वर म्हटलं; खरं तर ती चारही विषयांत मिसळलेली असते, म्हणून दिसत नाही.

या भागाला हे नवं नाही. निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांच्या पिढीतलं जे पोर गावाबाहेर शिकायला जाई, त्याला पुढचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागे. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आपल्याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थ पुढे तिचे मुख्याध्यापक झाले, त्यामागे हाही सल होता. विषय कोणते हा प्रश्न त्या पिढीपुढे नव्हताच. आधी कोणत्या भाषेत हा होता. आजचा पोरगा इंग्रजी स्वतःहून निवडतो, निदान कागदावर तरी. त्याच्या डोळ्यांतली पहिल्या सहामाहीची भीती मात्र त्या जुन्या भीतीचं भावंड असावी.

चौथ्या विषयाचं हे वेड आलं कुठून, त्याची वाट सरळ लातूरकडे जाते. तेरहून ढोकीमार्गे लातूर काही फार लांब नाही. दयानंद महाविद्यालय १९६१ चं, राजर्षी शाहू १९७० चं. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात शाहू महाविद्यालयात जादा तास, सराव परीक्षा आणि प्रश्नपत्रिकांचा काटेकोर सराव यांतून जी घडी बसली, तिला पुढे सगळा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणू लागला. बोर्डाची गुणवत्ता यादी असायची त्या काळात लातूरची नावं वाचायला मुंबई-पुण्याचे लोक पेपर उघडत. दुष्काळी भागाचा तो एक अभिमान होता आणि खोटा नव्हता. आजही आकडे बोलतात. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. आमचा धाराशिव जिल्हा त्याच विभागात मोडतो. (त्यात चित्रकला, लोककला, खेळ यांचे वाढीव गुण असतात आणि सहा विषयांतले सर्वोत्तम पाचच धरले जातात, हे पेढे वाटताना कुणी सांगत नाही. सांगूही नये.)

या बेस्ट ऑफ फाइव्हचीही एक कथा आहे. २०१० मध्ये राज्याने हा नियम आणला, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. म्हणजे दहावीला सरकारच पोराला सांगतं, की सहातला एक नीट नाही जमला तरी चालेल, आम्ही तो बघणार नाही. तेच पोर पुढच्याच महिन्यात अकरावीच्या टेबलापाशी येतं, तेव्हा सगळे त्याला सांगतात की एकही सोडू नको.

पूर्वीच्या काळी या प्रश्नाला एक व्यावहारिक उत्तर होतं. मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर व्हायचा, आणि "पीसीबीचं ग्रुपिंग किती?" एवढाच प्रश्न लग्नाकार्यातही विचारला जायचा. गणित त्या बेरजेत नव्हतं, म्हणून हुशार पोरं ते सरळ वगळायची. १९९९ पासून सीईटी आली, २०१६ नंतर नीट पक्की झाली आणि बोर्डाच्या गुणांचं वजन उतरलं. आता नीटनंतर मेडिकलला जायचं तर बारावीच्या पीसीबीत खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के पुरतात. इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये त्याहून कमी, ४५ आणि ४०. त्यामुळे झालं असं, की चौथा विषय कागदावर स्वस्त झाला. "नुसतं पास व्हायचंय की," असं म्हणून तो घेतला जातो. पण गणित हा नुसतं पास व्हायचा विषय नाही. तो रोज मागतो. दोन दिवस नाही बसलं की तिसऱ्या दिवशी पाठच्या प्रकरणातलंच अडतं. जीवशास्त्राचं दुखणं निराळं. आकृत्या, जर्नल, प्रॅक्टिकलचे तीस गुण, आणि नावांचा ढीग. दोन्हींचे स्वभाव जुळत नाहीत. एकाला सराव लागतो, दुसऱ्याला पाठांतर आणि निरीक्षण. दोन्ही मनापासून करणारी पोरं असतात, मी पाहिली आहेत. त्यांना कुणाच्या सल्ल्याची गरज नसते. हा लेख त्यांच्यासाठी नाहीच.

दारांचं म्हणाल तर आबांचा हिशोब थोडा जुना आहे. गणित सोडलं तर इंजिनिअरिंग जातं, एनडीएची नौदल-हवाई दलाची वाट जाते. जीवशास्त्र सोडलं तर एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, पशुवैद्यक, फिजिओथेरपी आणि बीएस्सी नर्सिंग जातं. नर्सिंगचं नाव मी मुद्दाम घेतो, कारण आमच्याकडच्या कितीतरी मुली जीवशास्त्र घेतात त्या डॉक्टर व्हायच्या नावाखाली, आणि मनात नर्सिंग असतं. ते घरी बोललं की बाप म्हणतो, "आधी नीट दे." पण बी. फार्मसी दोन्ही गटांना उघडी आहे. कृषी पदवीही दोन्हींना. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून शेतीकडेच जाणाऱ्या पोरासाठी हा तीन-चारचा वाद मुळातच निरर्थक आहे, आणि तेही पोर बिचारं चार विषय घेऊन बसलेलं असतं.

शिवाय बंद झालेलं दार कायमचं बंद राहतं, हेही आता खरं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं, की बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही नीटला बसता येईल. आणि आपल्या बोर्डाच्या परीक्षेच्या अर्जात कितीतरी वर्षांपासून एक प्रकार आहे, 'तुरळक विषय'. बारावी झालेल्याने एखादाच विषय देण्याची ती सोय. नियमित, पुनर्परीक्षार्थी, खाजगी, श्रेणीसुधार या सगळ्यांबरोबर ती सोय दर वर्षी पत्रकात छापली जाते. मी गावात ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या कुणीही ती ऐकलेली नव्हती. त्यात अर्ज भरून देणारा पोरगाही आला.

आणि दार उघडं असलं म्हणजे आत जागा असते असंही नाही. २०२५ च्या नीटला देशात २२ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. लातूरच्या ट्युशन एरियात सकाळी सहाला सायकली आणि पाठीवरच्या सॅकांची जी गर्दी निघते, तिच्यातल्या बहुतेकांचं पुढे काय होतं ते फ्लेक्सवर येत नाही. बाप शेत गहाण टाकतो, पोर खोली करून राहतं, मेसचा डबा खातं. ही सगळी जोखीम एकाच गटासाठी घेतली तर तिला काही आकार असतो. दोन गटांत वाटली की दोन्हीकडे अर्धी पडते. माझं मत स्पष्ट आहे : ज्याला दोन्हींची ओढ आहे त्यानं चार घ्यावेत. जो फक्त भीतीनं घेतोय त्यानं तीनच घ्यावेत, आणि सहावी जागा आवडीनं भरावी.

ती सहावी जागा भरताना तेरच्या पोरांनी काय करावं, हा माझा खरा जिव्हाळ्याचा भाग.

आमचं गाव पांढरीवर बसलंय. पाऊस पडून गेला की अजूनही मातीतून मणी, खापरं, भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी असं जे जे मिळेल ते जमवलं, आणि आज ते सरकारी संग्रहालय त्यांच्या नावानं उभं आहे. ग्रीकमध्ये लिहिलेल्या 'पेरिप्लस' या जुन्या ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं, असं आलंय. ते तगर म्हणजे आमचं तेर, हे १९०१ मध्ये फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मांडलं. त्याला ते जमलं, कारण त्याला शिलालेख वाचता येत होते, जुना भूगोल माहीत होता आणि अंतरांचा हिशोब लावता येत होता. पुढे १९५८ मध्ये इथे उत्खनन झालं. विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे, उत्तरेश्वर आहे. इतकं सगळं उशाला असताना या गावात इतिहास-भूगोल कोण घेतो? ज्याला सायन्स मिळालं नाही तो. "आर्ट्सला घातलंय" हे वाक्य आमच्याकडे खालच्या पट्टीत बोलतात. सायन्सवाल्यालाही भूगोल घेता येतो, हे तर कित्येकांच्या गावीही नसतं, आणि ज्यांच्या असतं ते तो गणिताची सुटका म्हणून घेतात. तेरणेच्या काठावर राहून, दर वर्षी तिच्या पाण्याची काळजी करून, भूगोलाकडे नुसती सुटका म्हणून पाहावं याचं मला वाईट वाटतं.

मराठीचं त्याहून अवघड झालंय. दहावीपर्यंत २०२० च्या कायद्यानं ती सगळ्या शाळांत सक्तीची आहे. अकरावीला सक्ती संपते, आणि पहिल्याच टेबलावर सल्ला मिळतो : मराठी सोड, आयटी घे, मार्क पडतात. बायफोकल घेतलं, म्हणजे क्रॉप सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असा दोनशे गुणांचा विषय, तर दुसरी भाषा आपोआपच जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, गावात त्याचं स्टेटस ठेवणाऱ्या कितीतरी पोरांच्या अकरावीच्या विषयांत मराठी नव्हती. आयटीला माझा विरोध नाही. ज्या घरात संगणक नाही त्या घरातल्या मुलीनं तो विषय जरूर घ्यावा, शिकण्यासाठी घ्यावा. पण मार्क फुकट मिळतात म्हणून भाषा टाकायची, आणि मग नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते यावर समाधान मानायचं, हा व्यवहार काही मला पटत नाही.

तेरचा माणूस परीक्षेबद्दल बोलतोय आणि गोरोबाकाकांचं नाव काढत नाही, असं होत नाही. संतमंडळी इथे जमली होती. मुक्ताबाई म्हणाली, काका, यातली मडकी कोणती भाजलीत ते बघा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. नामदेव रागावले, आणि काकांनी सांगून टाकलं, हे कच्चं. कीर्तनकार ही गोष्ट अहंकारावर नेतात, ते त्यांचं काम आहे. मला त्यातलं पुढचं आवडतं. नामदेव नापास झाले, पण ते तिथेच राहिले नाहीत; औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. त्या निकालानंतर त्यांना गुरू भेटला, पुढचं ठिकाण मिळालं. आमच्या बारावीच्या गुणपत्रिकेला ते जमत नाही. ती फक्त पक्कं की कच्चं एवढंच सांगते. कुठे जायचं ते मल्टिसर्व्हिसेसच्या बाकड्यावर ठरतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं. शाखांच्या भिंती पाडायची भाषा त्यात आहे. २०२४ च्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात तर अकरावी-बारावीला इंग्रजीची सक्ती काढून दोन भाषा, त्यातली एक भारतीय, असं सुचवलं होतं. त्यावर बरीच ओरड झाली. भिंती पडतील तेव्हा पडतील. तोवर सहा रकाने आहेत आणि ते जुलैच्या आत भरायचे असतात.

पुतणीनं तीनच घेतले. जीवशास्त्र ठेवलं, गणित सोडलं, त्या जागी भूगोल, आणि दुसरी भाषा मराठी. आबांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. त्यांना वाटतं मी तिला फूस लावली. मी तिला फक्त एकच गोष्ट विचारली होती : परीक्षा नसती तर कोणतं पुस्तक तू स्वतःहून उघडलं असतंस? तिनं बराच वेळ विचार केला आणि मग जीवशास्त्राचं नाव घेतलं. नर्सिंगचं तिच्या मनात आहे की नाही, ते मी विचारलेलं नाही.

कनिष्ठ महाविद्यालयांच्या सर-मॅडमना एकच विनंती आहे. प्रवेशाच्या टेबलावर मराठीत छापलेला एक कागद ठेवा. कोणता विषय सोडला तर कोणता अभ्यासक्रम जातो, कोणत्याला दोन्ही गट चालतात, 'तुरळक विषय' म्हणजे काय, सहाव्या जागी आपल्याकडे खरोखर कोणते विषय शिकवले जातात आणि ते शिकवायला माणूस आहे का, एवढं त्यावर असू द्या. एक पान पुरेल. झेरॉक्सचा खर्च गावातला कुणीही देईल, मी देतो. फक्त तो कागद दहावीच्या निकालाच्या आठवड्यात टेबलावर यावा. जुलैत त्याचा काही उपयोग नाही.